फिरत्या एडिटिंगसाठी लॅपटॉपची डिस्क किती वेगाची हवी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाचं शूटिंग दुपारी आटोपतं आणि संध्याकाळी रिसेप्शनला स्क्रीनवर हायलाइट दाखवायचं असतं. वारीत पालखी मुक्कामी पोचली की त्याच रात्री दिवसभराचा व्हिडिओ कापून पाठवायचा असतो. असं काम करणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. एक लॅपटॉप, पाठीवर एक सॅक आणि मिळेल त्या प्लगमध्ये चार्जर, एवढंच इथे गृहीत धरलं आहे.

५४०० आरपीएमची (तबकडीचे मिनिटाला फेरे) हार्ड डिस्क घेऊ की ७२०० ची?

थेट त्या डिस्कवरून एडिटिंग करणार असाल तर दोन्ही नकोत, एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारा ड्राइव्ह) घ्या. फुटेज नुसतं साठवायचं असेल तर ५४०० पुरते. ७२०० साठी जादा पैसे मोजू नका.

"एडिटिंगला ७२०० च पाहिजे" हा सल्ला अजूनही दुकानांत ऐकू येतो. एके काळी तो अगदी रास्त होता. लॅपटॉपच्या मापाची, म्हणजे अडीच इंची, पहिली ७२०० आरपीएम डिस्क २००३ साली आली: हिताचीची ट्रॅव्हलस्टार ७के६०. तेव्हा लॅपटॉपमध्ये ४२०० आरपीएमच्या डिस्क सर्रास असायच्या आणि फुटेज मिनी डीव्ही टेपवरून यायचं, सेकंदाला जेमतेम ३.६ एमबी. त्या हिशेबात तबकडी जोरात फिरण्याला मोल होतं. आज फुटेज कितीतरी पट जड झालं आहे आणि डिस्क वेगळ्याच ठिकाणी कमी पडते.

आकडे बघा. ५४०० आरपीएमवर तबकडीचा एक फेरा ११.१ मिलिसेकंदांत होतो, ७२०० वर ८.३ मिलिसेकंदांत. हवी ती जागा हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे ५.६ आणि ४.२. फरक दीड मिलिसेकंदाच्याही आत. पण त्याआधी हेडला योग्य ट्रॅकपर्यंत सरकावं लागतं आणि लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्यातच साधारण १२ मिलिसेकंद जातात. तबकडी कितीही वेगाने फिरवली तरी हे १२ कमी होत नाहीत. एसएसडीत फिरणारं काही नाही आणि सरकणारंही काही नाही. हवी ती जागा गाठायला एका मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो.

माझी हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबी देते. चार कॅमेऱ्यांच्या फुटेजला मिळून ५० एमबी लागतात. तरी मल्टिकॅम का अडकतो?

हा प्रश्न ज्याला नीट समजला त्याला डिस्क निवडणं अवघड जात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१०० एमबी हा वेग एकच मोठी फाइल सलग वाचतानाचा असतो. कीर्तनाचं चार कॅमेऱ्यांनी केलेलं शूटिंग टाइमलाइनवर एकदम चालवलं की डिस्कला चार फाइली आळीपाळीने वाचाव्या लागतात, आणि त्या तबकडीवर चार वेगवेगळ्या ठिकाणी असतात. एकाच वाढप्याने चार पंगतींना वाढायचं म्हटलं की त्याचा अर्धा वेळ वाढण्यात नाही, या पंगतीतून त्या पंगतीत धावण्यात जातो. हेडचं तेच होतं.

समजा प्रत्येक उडीनंतर १ एमबी वाचला जातो. ५४०० च्या डिस्कवर उडीला १२ अधिक ५.६, म्हणजे १७.६ मिलिसेकंद गेले. मग १ एमबी वाचायला १०. एकूण २७.६ मिलिसेकंदांत १ एमबी, म्हणजे सेकंदाला साधारण ३६ एमबी. तुम्हाला हवेत ५०. आता तोच हिशेब ७२०० च्या डिस्कवर करा, तिचा सलग वेग १२० धरा: १६.२ अधिक ८.३, एकूण २४.५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ४१ एमबी. पैसे जास्त गेले आणि मल्टिकॅम अडकायचा तो अडकतोच. साध्या साटा एसएसडीवर (साटा ही हार्ड डिस्कचीच जुनी जोडणी) हाच हिशेब पाचशेच्या आसपास जातो.

त्यातही वरचे १०० एमबी रिकाम्या डिस्कचे आहेत. हार्ड डिस्क बाहेरच्या कडेकडून आत भरत जाते आणि आतले ट्रॅक लहान असल्याने एका फेऱ्यात कमी डेटा हाती लागतो. भरत आलेल्या डिस्कचा वेग शेवटी जवळपास निम्म्यावर येतो. सीझनच्या सुरुवातीला ठीक चालणारी डिस्क सीझनच्या अखेरीस रडायला लागते, त्याचं हेही एक कारण.

माझ्या फुटेजला नेमका किती वेग लागतो, हे कसं काढायचं?

कॅमेऱ्याच्या मेनूत बिटरेट दिलेला असतो, तो मेगाबिटमध्ये. डिस्कचा वेग मेगाबाइटमध्ये मोजतात. मेगाबिटला आठने भागलं की मेगाबाइट मिळतात. हा भागाकार राहून गेल्यामुळे कितीतरी जण गरजेपेक्षा आठपट वेगाची डिस्क शोधत बसतात.

मिररलेस कॅमेऱ्यांवर ४के साठी १०० मेगाबिट हा नेहमी दिसणारा आकडा: सेकंदाला १२.५ एमबी, तासाला ४५ जीबी. फोनवरचं साधं ४के एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करण्याची एक पद्धत, म्हणजे कोडेक) फुटेज त्याहून बरंच हलकं असतं. ॲपलचा प्रोरेस ४२२ कोडेक १०८०पी आणि २५ फ्रेमला १२२ मेगाबिट घेतो, म्हणजे १५ एमबी. तोच अल्ट्रा एचडीमध्ये, म्हणजे ३८४० बाय २१६० मध्ये, ४९२ मेगाबिटवर जातो: सेकंदाला ६१.५ एमबी, तासाला २२० जीबीच्या वर. प्रोरेस ४२२ एचक्यू ७३७ मेगाबिट, म्हणजे ९२ एमबी. एचक्यूची एकच क्लिप हार्ड डिस्कचा घाम काढते. दोन एकदम चालवल्या की खेळ संपला.

आलेल्या आकड्याला एका वेळी चालणाऱ्या क्लिपांच्या संख्येने गुणा, मग दुप्पट करा. दुप्पट अशासाठी की सॉफ्टवेअर त्याच वेळी ऑडिओचे तरंग, थंबनेल, कॅश (तात्पुरत्या फाइली) आणि ऑटोसेव्ह हेही करत असतं. चार कॅमेरे, प्रत्येकी १०० मेगाबिट: ५० एमबी, दुप्पट करून १००. कोणत्याही धड एसएसडीला हे हातचं काम आहे.

मग साटा एसएसडी पुरे की एनव्हीएमईच हवी?

साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबते, कारण त्या जोडणीची मर्यादाच ६ गिगाबिट आहे. एनव्हीएमई ही पीसीआयई या जास्त वेगवान जोडणीवर चालणारी एसएसडी. पीसीआयई ३.० वरची एनव्हीएमई साधारण ३५०० पर्यंत जाते, ४.० वरची ७००० च्या आसपास. वरचा १०० एमबीचा हिशेब आठवला तर कळेल की लग्न, मुलाखती, डॉक्युमेंटरी या कामात साटावरून एनव्हीएमईवर गेल्याने प्लेबॅकमध्ये फारसा फरक दिसणार नाही. हार्ड डिस्कवरून साटावर येताना जो बदल होतो, तो डोळे दिपवणारा असतो.

नवीन लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई असतेच, तेव्हा हा प्रश्न बहुधा बाहेरच्या ड्राइव्हपुरता उरतो. रॉ फुटेज, ६के-८के, मोठ्या फाइलींची सतत नेआण यांसाठी एनव्हीएमई घ्या. नाहीतर त्या पैशांत क्षमता वाढवा. ५०० जीबीच्या अतिवेगवान ड्राइव्हपेक्षा २ टीबीची मध्यम वेगाची एसएसडी मुक्कामावर जास्त उपयोगी पडते. रात्री अकराला जागा संपली की वेगाचं काही चालत नाही.

एसएसडी बसवली, तरी टाइमलाइन अडकतेच. पैसे वाया गेले का?

वाया नाही गेले, पण अडचण डिस्कची नसावी. एच.२६४ आणि एचईव्हीसीमध्ये बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात. आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमशी असलेला फरक तेवढा ठेवलेला असतो. एक फ्रेम दाखवायला प्रोसेसरला आसपासच्या अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात. डिस्क बिचारी सेकंदाला १२ एमबी देऊन मोकळी होते आणि प्रोसेसर धापा टाकत राहतो.

खात्री करायला फार काही लागत नाही. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये डिस्क निवडा आणि टाइमलाइन चालवा. ॲक्टिव्ह टाइमचा आलेख वर १०० टक्क्यांना चिकटून सपाट झाला आणि प्रोसेसर तीस-चाळीस टक्क्यांवर निवांत असला, तर दोष डिस्कचा. डिस्क पाच टक्क्यांवर आणि प्रोसेसर शंभरावर, पंखा घोंघावतोय, तर दोष कोडेकचा. मॅकवर हेच ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये दिसतं. नवीन डिस्क विकत घेण्याआधी ही तपासणी प्रत्येकाने करावी, असं मला मनापासून वाटतं.

१० बिट ४:२:२ एचईव्हीसी हे रंगांची जास्त माहिती ठेवणारं फुटेज विशेष त्रास देतं. ते हार्डवेअरवर उलगडण्याची सोय इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये आणि ॲपलच्या एम१ पासूनच्या चिपमध्ये आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत ती २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. म्हणून कधी कधी महागड्या गेमिंग लॅपटॉपपेक्षा साधा मॅकबुक एअर हे फुटेज जास्त सहज चालवतो.

प्रॉक्सी केल्या तर हार्ड डिस्कवर भागेल?

भागेल. प्रॉक्सी म्हणजे एडिटिंगपुरत्या बनवलेल्या हलक्या प्रती. प्रोरेस प्रॉक्सी १०८०पी, २५ फ्रेमला ३८ मेगाबिट घेते, म्हणजे ४.७५ एमबी. चार कॅमेरे मिळून १९. हार्ड डिस्कला एवढं झेपतं. शिवाय या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे प्रोसेसरचंही ओझं उतरतं.

प्रॉक्सी बनवायला मात्र वेळ लागतो, आणि फिरत्या कामात नेमका तोच नसतो. माझी शिफारस अशी: कार्ड उतरवून झाल्यावर जेवायला जाण्याआधी प्रॉक्सीचं काम लावून जा, आणि त्या फाइली लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर करा. मूळ फुटेज बाहेरच्या डिस्कवर राहू द्या. मग गाडीत मागच्या सीटवर बसून, काहीही न जोडता, कट लावता येतो. फायनल एक्स्पोर्टच्या वेळी तेवढी मूळ डिस्क जोडा.

बॉक्सवर सेकंदाला २००० एमबी लिहिलंय, मला ४०० मिळतात. फसवलं का?

बहुतेक वेळा ड्राइव्ह खरा असतो, वाट अरुंद असते. वेग ड्राइव्ह, केबल आणि पोर्ट या तिघांतल्या सर्वांत कमकुवत गड्यावर ठरतो. यूएसबी २.० वर ३५ ते ४० एमबीच मिळतात. ५ गिगाबिटच्या पोर्टवर साधारण ४०० ते ४५०, १० गिगाबिटच्या पोर्टवर १००० च्या आसपास. थंडरबोल्ट ३ आणि ४ वर २८०० च्या आसपास मिळू शकतात, पण त्याला ड्राइव्हही थंडरबोल्टचा किंवा यूएसबी४ चा लागतो.

२००० एमबीवाले ड्राइव्ह बहुधा यूएसबी ३.२ जेन २ बाय २ या २० गिगाबिटच्या प्रकारावर चालतात. हा प्रकार फारच कमी लॅपटॉपमध्ये असतो. बहुतेक मॅकबुकमध्ये थंडरबोल्ट असूनही हा प्रकार नाही, तिथे असा ड्राइव्ह १० गिगाबिटवर उतरतो. आपल्या लॅपटॉपचं स्पेसिफिकेशन पाहिल्याशिवाय या ड्राइव्हचे जादा पैसे देऊ नका.

आणि केबल! टाइप-सी म्हणजे वेगवान, असं काही नसतं. फोनच्या चार्जरसोबत येणारी टाइप-सी केबल बहुतेक वेळा आतून यूएसबी २.० ची असते. ड्राइव्हसोबत आलेल्या केबलला रंगीत टेप गुंडाळून ठेवा आणि ती चार्जिंगला कुणाच्याही हातात देऊ नका.

कॉपी सुरू होते तेव्हा वेग झकास असतो, मग धाडकन ८० वर येतो. ड्राइव्ह खराब आहे का?

खराब नाही, स्वस्त आहे. एसएसडीत काही जागा वेगवान बफर म्हणून वापरलेली असते. तो भरला की ड्राइव्हचा खरा लिहिण्याचा वेग उघडा पडतो. क्यूएलसी प्रकारच्या एसएसडीत, जिथे एका पेशीत चार बिट ठेवतात, ही घसरण फार मोठी असते. सॅमसंग ८७० क्यूव्हीओच्या १ टीबी मॉडेलसाठी कंपनीनेच दिलेला आकडा आहे: साधारण ४२ जीबीचा बफर संपला की सेकंदाला ८० एमबी. म्हणजे हार्ड डिस्कएवढाच. दोन-चार जीबीच्या चाचणीत हे कधीच दिसत नाही. १२८ जीबीचं कार्ड उतरवताना दिसतं. त्याच ड्राइव्हवरून वाचताना मात्र तो व्यवस्थित चालतो, त्यामुळे एडिटिंगला अडथळा नाही, उतरवण्याला आहे. टीएलसी (एका पेशीत तीन बिट) लिहिलेला ड्राइव्ह घेतलेला बरा.

हार्ड डिस्कमध्ये असाच प्रकार एसएमआर तंत्रामुळे होतो. त्यात ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. १ टीबी आणि त्यावरच्या अडीच इंची डिस्कमध्ये हे तंत्र सर्रास असतं. २०२० मध्ये नॅसच्या (नेटवर्कवरच्या साठवणीच्या) डिस्कमध्ये हे न सांगता वापरल्यावरून वेस्टर्न डिजिटलवर ग्राहकांनी सडकून टीका केली, त्यानंतर कंपन्यांनी कोणत्या मॉडेलमध्ये एसएमआर आहे याच्या याद्या जाहीर केल्या. एकदा भरून कपाटात ठेवायला अशी डिस्क चालेल. रोज पुसून रोज भरायला नको.

माझा लॅपटॉप जुना आहे, आत १ टीबीची ५४०० ची डिस्क आहे. काय करू?

आधी मदरबोर्डवर रिकामा एम.२ स्लॉट आहे का ते पाहा. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे विकल्या गेलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये आत १ टीबी हार्ड डिस्क आणि शेजारी मोकळा एम.२ स्लॉट असायचा. तिथे एसएसडी बसवा, विंडोज आणि सॉफ्टवेअर तिच्यावर घ्या, चालू प्रोजेक्टही तिच्यावरच ठेवा. जुनी हार्ड डिस्क आत साठवणीला राहू द्या.

एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्याच आकारात साटा एसएसडीही येते आणि एनव्हीएमईही. काही जुन्या स्लॉटमध्ये फक्त साटाच चालते, म्हणून मॅन्युअल पाहूनच खरेदी करा. स्लॉट नसेल तर अडीच इंची साटा एसएसडी जुन्या डिस्कच्या जागी सरळ बसते, स्क्रूसुद्धा तेच लागतात. ८ जीबी रॅम असेल तर १६ करण्याचा विचारही याच वेळी करा. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कचाच वापर रॅमसारखा करतं आणि डिस्क विनाकारण अडकते.

नव्या मॅकबुकमध्ये आतली एसएसडी वाढवण्याचा मार्ग नाही, तिथे बाहेरचा ड्राइव्ह हाच उपाय.

सॉफ्टवेअर, फुटेज आणि कॅश वेगवेगळ्या डिस्कवर ठेवावं का?

हार्ड डिस्कच्या काळात हा नियम पाळावाच लागायचा. एसएसडीवर त्याची निकड उरलेली नाही. आतली एसएसडी मोठी असेल तर सगळं तिच्यावर ठेवून खुशाल काम करा.

एक गोष्ट मात्र नक्की करा. प्रीमियर प्रोची मीडिया कॅश आणि दाविंची रिझॉल्व्हची रेंडर कॅश आतल्या एसएसडीवर ठेवा, बाहेरच्या हार्ड डिस्कवर कधीच नको. कॅशमध्ये बारीकसारीक फाइली असंख्य असतात आणि हार्ड डिस्कला त्याच सर्वांत जड जातात. प्रोजेक्ट हातावेगळा झाला की ती कॅश पुसून टाका. ड्राइव्ह काठोकाठ भरू देऊ नका. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी असली की एसएसडीचा वेग टिकतो.

प्रवासात, गाडीत, उन्हात कोणती डिस्क टिकते?

इथे हार्ड डिस्क स्पष्टपणे मागे पडते. चालू असताना तबकडी फिरत असते आणि हेड तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावर तरंगत असतं. बंद असताना ती जितका धक्का सोसते, तितका चालू असताना सोसत नाही. दिवे घाटातून गाडी वर चढते आहे, मांडीवर लॅपटॉप, वायरला लोंबणारी हार्ड डिस्क आणि कॉपी चालू, हे दृश्य मी अनेक गाड्यांत पाहिलं आहे आणि दर वेळी जीव वरखाली होतो. गाडीत काही उतरवायचं असेल तर फक्त एसएसडीवर. हार्ड डिस्क मुक्कामी पोचल्यावर, सपाट टेबलावर.

उन्हाची गोष्ट वेगळी. एनव्हीएमई ड्राइव्ह जोरात लिहिताना तापतो आणि ठरावीक तापमानाला स्वतःचा वेग उतरवतो. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ ला असताना मंडपातल्या टेबलावर बाहेरचा ड्राइव्ह हाताला चटका बसेल इतका गरम होतो. त्याच्यावर रुमाल किंवा बॅग टाकू नका, लॅपटॉपच्या गरम हवेच्या झरोक्यासमोर ठेवू नका. पत्र्याची किंवा ॲल्युमिनियमची केस प्लास्टिकपेक्षा बरी. बंद गाडीत डॅशबोर्डवर ड्राइव्ह ठेवणं मात्र कोणत्याच प्रकाराला मानवत नाही.

कार्ड रिकामी करायला इतका वेळ का लागतो? डिस्क बदलून फरक पडेल?

नेहमीच नाही. यूएचएस-१ वर्गाचं एसडी कार्ड सेकंदाला साधारण ९० एमबी देतं. १२८ जीबीचं भरलेलं कार्ड म्हणजे चोवीस मिनिटं, पलीकडे कितीही वेगवान ड्राइव्ह असला तरी. हा वेळ कमी करायचा तर यूएचएस-२ कार्ड आणि यूएचएस-२ रीडर दोन्ही लागतात.

दोन कार्डं एकदम उतरवायची असतील तर ती एसएसडीवरच उतरवा. हार्ड डिस्कवर दोन कॉपी एकदम लावल्या की हेड पुन्हा इकडून तिकडे उड्या मारू लागतं आणि एकामागून एक केल्यापेक्षा जास्त वेळ जातो. कॉपी झाल्यावर फाइली शाबूत आहेत का हे तपासणारं साधन वापरा. रिझॉल्व्हच्या मीडिया पेजवर क्लोन टूल आहे, विंडोजवर टेराकॉपी आहे. दोन्ही साधनं मूळ फाइल आणि प्रत यांचा चेकसम (फाइलमधल्या डेटावरून काढलेली खूण) ताडून पाहतात. नवरीच्या पाठवणीचं रीटेक होत नाही, म्हणून तपासणी पूर्ण झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.

ड्राइव्ह कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवू?

फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएस. फक्त मॅक असेल तर एपीएफएस. दोन्हीकडे न्यायचा असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. एक्सफॅटवर लिहिणं चालू असताना वायर निघाली तर फाइल बिघडण्याची भीती जास्त असते, म्हणून इजेक्ट केल्याशिवाय वायर ओढू नका. फॅट३२ नकोच, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

आयफोनवर प्रोरेस शूट करतो. थेट बाहेरच्या ड्राइव्हवर रेकॉर्ड करता येईल?

आयफोन १५ प्रो आणि त्यापुढच्या प्रो मॉडेलमध्ये करता येतं. प्रोरेसमध्ये ४के ला ३० फ्रेमवर मिनिटाला सुमारे ६ जीबी लागतात, त्यामुळे फोनची जागा बघता बघता संपते. ४के ६० फ्रेमसाठी ॲपलने ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग सेकंदाला किमान २२० एमबी मागितला आहे आणि केबल १० गिगाबिटची. हार्ड डिस्क इथे बादच होते. बफर संपल्यावर घसरणारी क्यूएलसी एसएसडीही लांब शॉटमध्ये दगा देते. फोनसोबत आलेली केबल यूएसबी २.० ची असते, ती वापरू नका. ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एपीएफएसमध्ये हवा, एनटीएफएस चालत नाही.

शूट झालेला तोच ड्राइव्ह लॅपटॉपला लावून लगेच एडिटिंग सुरू करता येतं, कॉपीचा टप्पाच वाचतो. पण कट लावण्याआधी त्याची एक प्रत दुसरीकडे घ्या. एकुलत्या एका प्रतीवर काम करणं धोक्याचं आहे.

सतत लिहून एसएसडी झिजते म्हणतात. खरं आहे?

झिजते, पण तुमचं काम तिला पुरून उरणार नाही. १ टीबीच्या चांगल्या टीएलसी एसएसडीला साधारण ६०० टेराबाइट लिहिण्याची हमी असते. रोज न चुकता २०० जीबी उतरवले तरी ती संपायला आठ वर्षांहून जास्त लागतील. तोवर लॅपटॉप बदललेला असेल.

मग जुनं काम कायमचं कशावर ठेवू?

हार्ड डिस्कवर, आणि इथे ५४०० ची डिस्क मनापासून घ्या. ती कमी तापते, आवाज कमी करते, आणि तेवढ्याच पैशांत कितीतरी जास्त जागा देते. एसएसडीत डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि वीज न मिळता तो वर्षानुवर्षे पडून राहण्यासाठी केलेला नाही. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, लिहिण्याची हमी पूर्ण वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश तापमानाला बंद अवस्थेत एक वर्ष डेटा टिकवला तरी ती उत्तीर्ण. नवी एसएसडी जास्त काळ टिकवते, पण गिऱ्हाईक पाच वर्षांनी अल्बम मागायला येतं तेव्हा हे गणित पुरत नाही.

दोन हार्ड डिस्क, एकीवर जे आहे तेच दुसरीवर, आणि दुसरी वेगळ्या घरात. फार महत्त्वाचं काम असेल तर तिसरी प्रत क्लाउडवर. मुक्कामी असतानाही एक प्रत तुमच्या सॅकमध्ये आणि दुसरी सहकाऱ्याच्या सॅकमध्ये असू द्या. सॅक हरवते, चोरीला जाते, पावसात भिजते.

ड्राइव्ह लावला की वायरलेस माउस अडखळतो. हे डिस्कमुळे?

हो, पण वेगाशी संबंध नाही. यूएसबी ३.० च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट सुटतो आणि माउसचा डोंगल त्याच पट्ट्यावर चालतो. डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा. त्याच पट्ट्यावर वायफाय असेल तर तेही सुधारेल.

घेतलेल्या ड्राइव्हचा वेग स्वतः कसा तपासू?

मॅकवर ब्लॅकमॅजिक डिस्क स्पीड टेस्ट, विंडोजवर क्रिस्टलडिस्कमार्क. दोन्ही फुकट आहेत. क्रिस्टलडिस्कमार्कमध्ये सर्वांत वरची ओळ सलग वाचण्या-लिहिण्याची असते आणि जाहिरातीत तोच आकडा छापतात. तुम्ही सर्वांत खालची, ४के रँडमची ओळ पाहा (इथे ४के म्हणजे व्हिडिओचं नव्हे, विखुरलेले ४ किलोबाइटचे तुकडे). हार्ड डिस्क तिथे बहुधा १ एमबीच्याही आत असते आणि साधी एसएसडी वीस-तीसच्या पुढे. एवढ्या एका ओळीत आरपीएमचा सगळा वाद मिटतो.

त्यानंतर खरी चाचणी करा. ड्राइव्ह अर्ध्याहून जास्त भरा आणि मग आतल्या एसएसडीवरून शंभर-दीडशे जीबीचं तुमचंच फुटेज एकदम कॉपी करायला लावा. समोर बसून वेग किती जीबीनंतर घसरतो आणि कुठे स्थिरावतो ते लिहून ठेवा. दोन मिनिटांनी ड्राइव्हला हात लावून तापमानही बघा. हे सगळं खरेदी केलेल्या आठवड्यातच करा, म्हणजे दुकानदाराकडून बदलून घ्यायची मुदत हातात असते.